वांगाची ट्यूब अन् आपलं नागपूरचं ऊन

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत उन्हाळ्यातल्या त्वचेवर अर्धं पान आलं होतं, फोटो छान होता, पण ते वाचून माझी बहीण म्हणे, ताई हे पुण्याच्या उन्हाळ्यासाठी लिहिलंय वाटते. दुपारी बाहेर पडणं टाळा म्हणे. अहो टाळणार कोण? मी पोस्टाच्या आरडीची एजंट आहे, एकवीस वर्षं झाली, मानेवाडा सक्करदरा नंदनवन असं घरोघरी स्कुटीवर फिरते, अन् बायका घरी सापडतात त्या दुपारीच, सकाळी डबे असतात आणि संध्याकाळी सिरीयल. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, नवतपा लागला तरी माझा हप्ता थोडीच थांबते. म्हणून म्हटलं आपणच लिहावं, छापा नका छापू तुमची मर्जी, पण लांबलं तर कापू नका मधूनच.

आधी स्कार्फचं सांगते. आपल्या इथल्या पोरी चौकात सिग्नलला उभ्या असल्या की सगळ्या डाकू दिसतात, नुसते डोळे, बाहेरगावचा पाहुणा आला की हसतो. पण तोच एक उपाय आहे ज्याला पैसे लागत नाहीत. फक्त सुती घ्या हो, ते चकचकीत सिंथेटिक स्टोल घाम शोषत नाहीत, आतल्या आत केस ओले राहतात अन् मग कोंडा, खाज, कपाळावर बारीक पुळ्या. आणि गाठ मागे इतकी आवळून बांधायची नाही, माझे कानशिलावरचे केस त्यानंच विरळ झालेत असं मला पार्लरवालीनं दाखवलं. रोज घरी आल्यावर स्कार्फ धुते मी, रोज. कालचा घामेजलेला स्कार्फ आज तोंडाला बांधायचा आणि वरून पिंपल्स काऊन येतात विचारायचं.

आता मुख्य गोष्ट. माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले. सुरुवातीला सुपारीएवढे, मग उन्हात फिरून फिरून पार नाकावरून जोडले गेले, फुलपाखरू बसल्यासारखे. सासूबाई म्हणायच्या पोट साफ नाही, कोणी म्हणे जायफळ उगाळून लाव, तेही लावलं. मग आमच्या वस्तीतल्या एका मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली, म्हणे ताई पंधरा दिवस लावा, बघा. अन् खरंच हो, पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की हप्ता देणारी प्रत्येक बाई विचारायची काय लावता. मी तर तिघी चौघींना त्याच दुकानात पाठवलं, ते पाप माझ्याच माथ्यावर.

तीन वर्षं लावली मी ती ट्यूब. फ्रिजच्या दारात ठेवायची, टूथपेस्टसारखी खालून गुंडाळत गुंडाळत शेवटचा थेंब काढायची. गंमत अशी की बंद केली की चार दिवसांत चेहरा लाल व्हायचा, आग व्हायची, म्हणून परत लावायची, लावली की शांत. मला वाटे क्रीम किती चांगली, तिच्याशिवाय चेहऱ्याला करमत नाही. मग गालावर लव वाढली, बारीक लाल शिरा दिसायला लागल्या जाळीसारख्या, चाळिशीत पुळ्या आल्या, अन् शेवटी असं झालं की फोडणीत मिरची टाकली की गाल पेटायचे, मी स्वयंपाकघरातून पदर तोंडावर धरून बाहेर. तेव्हा कुठे मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत गेले, रांगेत दोन तास गेले पण डॉक्टर मॅडमनं पहिलाच प्रश्न विचारला, ट्यूब सोबत आणली का? मी पर्समधून काढली. त्यांनी पाहिली पण नाही नीट, मागून फिरवली आणि बोट ठेवलं. इतकी बारीक अक्षरं, पोराच्या मोबाईलवर फोटो मोठा करून वाचली मी नंतर, तीन नावं होती, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. ते तिसरं म्हणजे स्टेरॉइड. ही ट्यूब औषध आहे, वांगावर देतातही, पण काही आठवड्यांसाठी आणि डॉक्टरच्या नजरेखाली. मी तीन वर्षं स्नो पावडरसारखी फासली.

स्टेरॉइडनं कातडी पातळ होते, सूज दबते म्हणून गोरं आणि गुळगुळीत दिसते, अन् सोडलं की सगळं उसळून येते. सोडायलाच मला आठ महिने लागले. त्या महिन्यांचं वर्णन नको, एका लग्नात लोकांनी विचारलं चहा सांडला का तोंडावर. वांग तर गेलेच नाहीत, आजही आहेत, फिके झालेत इतकंच.

२०१८ साली सरकारनं अशा १४ स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एच मध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मागा, मिळतात, किराणा मागितल्यासारखी. तर ट्यूबवर लाल उभी रेघ असेल, क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असलं काही 'सोन' नाहीतर 'सोल' नाहीतर 'लोन'वालं नाव दिसलं तर चेहऱ्याला लावायच्या आधी डॉक्टरला विचारा. खाजेच्या, नायट्याच्या मिक्स मलमातही हेच असते, ते पण लोक चेहऱ्याला लावतात. आणि ज्या डबीवर काहीच लिहिलेलं नाही, पार्लरमध्ये नाहीतर व्हॉट्सॲपवर विकतात ती 'घरगुती' क्रीम, ती तर हातातच घेऊ नका, तसल्या क्रीममध्ये पारा सापडलाय आणि पाऱ्यानं किडनीचं दुखणं लागते. सगळं त्या गोरेपणाच्या नादापायी. १९७५ पासून 'फेअर अँड लव्हली'ची जी ट्यूब घरोघरी होती तिच्या नावातलं 'फेअर' २०२० मध्ये काढून 'ग्लो' केलं, बदललं ना नाव, पण पाहायला येणारे पाहुणे अजून पोरीचा रंगच विचारतात.

आता मी काय वापरते ते सांगते कारण बायका मला तेच विचारतात. सकाळी साबण नाही. अंगाचा साबण चेहऱ्याला लावायचा नाही हे मी पन्नाशीला शिकले, कातडी थोडी आंबट बाजूची असते आणि साबण खारा, मग ओढल्यासारखं होते. साधा बिनवासाचा फेसवॉश, दवाखान्यात लिहून देतात तसला, किंवा सकाळी नुसतं पाणी. मग पातळ मॉइश्चरायझर. लोक म्हणतात एवढ्या उन्हाळ्यात मॉइश्चरायझर कायले? अहो आपलं ऊन कोरडं आहे, मुंबईसारखा चिकचिकाट नाही, घाम दिसायच्या आधी वाळून जाते म्हणून कळत नाही. एसीत बसणाऱ्यांचं तर आणखी वाईट, ओठ फाटतात भर मे महिन्यात. त्यापेक्षा आमचा कूलर बरा, खस लावलेला, हवेत ओल राहते, डासांचं मात्र बघावं लागते.

मग सनस्क्रीन, आणि इथेच तुमच्या पानावर 'सकाळी सनस्क्रीन लावा' एवढं एकच वाक्य होतं. किती लावा? तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढायची, तेवढी चेहऱ्याला आणि मानेला. मी आधी वाटाण्याएवढी लावायची अन् म्हणायची कामच करत नाही. ट्यूबवरचा एसपीएफ नंबर ३० असेल तर ती साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातले कातडी भाजणारे किरण, अडवते आणि ५० वालं ९८, म्हणजे शंभर नंबरच्या मागे पैसे घालू नका, त्यापेक्षा दोन तीन तासांनी परत लावा. तो नंबर फक्त यूव्हीबीचा असतो, वांग वाढवणारे यूव्हीए किरण अडवायला पीए आणि पुढे तीन चार प्लस पाहा. यूव्हीए काचेतूनही येते, म्हणून खिडकीत बसून भाजी निवडणाऱ्या वहिनींचेही वांग वाढतात. आणि एक गोष्ट जी मला मॅडमनी सांगितली, वांग असतील तर रंगीत म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घ्या, त्यात आयर्न ऑक्साइड असते, ते दिसणारा उजेडही थोडा अडवते, साध्या सनस्क्रीननं ते होत नाही. शिवाय पांढरं भूत दिसत नाही, फाउंडेशनचे पैसे वाचतात. माझा सगळा मेकअप तोच आहे. वरून काजळ आणि मरून लिपस्टिक, झालं.

महाग बाटली हवीच असं नाही. आमच्या गिऱ्हाईक बायका विचारतात हजाराची घेऊ का सीरम, मी म्हणते आधी पाचशेच्या आतली सनस्क्रीन महिन्यात संपवून दाखव, मग बोलू. बहुतेकींची वर्षभर पुरते, म्हणजे लावतच नाहीत.

लिंबू साखर चेहऱ्यावर घासायची, हे कृपा करून छापू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात, लिंबू पिळतांना, सरबत करतांना हातावर पडतात तसले डाग पाहिलेत मी. संत्र्याच्या सालीची पावडर तर आपल्या गावची शान, आम्ही लहानपणी साली गच्चीवर वाळत घालायचो, उटण्यात बरी वाटते, पण हाता पायाला. स्टेरॉइडनं पातळ झालेल्या चेहऱ्याला खरखरीत काही नको.

टिकलीचं पण सांगते. माझ्या सासूबाईंच्या कपाळावर बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग पडला. घरात सगळ्यांना वाटलं कोड, कुणी तोंडावर बोलेना. चिकटवायच्या गोंदात एक रसायन असते, त्यानं काही जणींचा रंग तेवढ्या जागेपुरता जातो. त्या आता कुंकू लावतात, तेही रात्री पुसून, टिकली सोडली त्यांनी. खाज सुटली की लगेच टिकली बंद करायची हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर इतकं झालं नसतं.

केसांवर खूप आहे पण थोडक्यात. रोज पन्नास ते शंभर केस जातातच, मोजत बसू नका. मला दोन वर्षांआधी दिवाळीत डेंग्यू झाला अन् संक्रांतीच्या सुमारास केस मुठीनं यायला लागले, मोरीची जाळी रोज तुंबायची, मी शाम्पू तीन वेळा बदलला. तापानं, बाळंतपणानं केस दोन तीन महिन्यांनी गळतात म्हणे, तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष शाम्पूला. सहा महिन्यांत आपोआप आले परत. तेल लावा, मीही खोबरेल लावते, रात्रभर नाही, दोनच तास, पण तेलानं केस उगवत नाहीत, तुटणं कमी होते. गळायचं थांबत नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा आधी. २०२५ च्या सुरुवातीला शेगावकडच्या गावांत लोकांना तीन चार दिवसांत टकलं पडली तेव्हाही आधी पाण्यावर संशय होता, नंतर डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचं खनिज जास्त असल्याचं सांगितलं. कारण पोटात होतं, डोक्यावर नाही.

एवढंच म्हणणं आहे साहेब, पुढच्या वेळी पान काढाल तर सेलिब्रिटीच्या फोटोऐवजी त्या लाल रेघेच्या ट्यूबचा फोटो छापा, मोठा, नावं वाचता येतील असा. मी कात्रण काढून बॅगेत ठेवीन, हप्ता घेतांना दाखवायला बरं पडते. मागच्या आठवड्यात नंदनवनातल्या एका घरी बारावीतली पोरगी आरशासमोर बसली होती, हातात तीच ट्यूब, खालून गुंडाळलेली.

आपली,
एक आरडी एजंट, मानेवाडा, नागपूर

ता. क. मेहंदीबद्दल राहिलंच. खरी मेहंदी पांढऱ्या केसांवर केशरीच येते, लोखंडी कढईत रात्रभर भिजवली तर थोडी गडद. पाकिटावर 'काळी मेहंदी' असेल तर त्यात पीपीडी असू शकते, ते डायचंच रसायन. कानामागे थोडी लावून दोन दिवस थांबा. माझ्या नणदेनं न थांबता लावली, डोळे सुजून बंद झाले होते, ऐन लेकीच्या साक्षगंधाला.