आधी दोनच शिव

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. आठवा महिना लागला हे वाचून फार आनंद झाला. वहिनींना आराम करू दे, मशीनवर तूच बस. आणि एकदम वीस लंगोट बेतायला घेऊ नकोस. आधी दोनच शिव, बाळाला घालून बघ, मग पुढचे.

मी नेमकं उलटं केलं. लेकीच्या जन्माआधीच बारा लंगोट शिवून, घड्या घालून ठेवले. पहिल्याच रात्री झबलं ओलं, दुपटं ओलं. थर कमी पडले असं समजून आत आणखी एक घातला, तरी तेच. सकाळी लंगोट खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा दिसलं: वरच्या पीयूएल, म्हणजे पाणी न झिरपणाऱ्या, कापडात टाचण्यांची बारीक भोकं, आणि मधोमध मी हौसेनं घातलेली टीप. तीही सुती दोऱ्याची. सुती दोरा वातीसारखं पाणी ओढून बाहेर आणतो. म्हणून पॉलिएस्टरचाच दोरा घे, टाचण्यांऐवजी चिमटे लाव आणि वरच्या कापडाला कडेखेरीज कुठेही सुई लावू नकोस. आतल्या सुती कापडाची कड चुकूनही बाहेर डोकावता कामा नये. तेवढ्या कडेनंही कपडे भिजतात.

आतल्या थरांना फ्लॅनेल किंवा टेरी (टॉवेलचं कापड) उत्तम, जुने सुती टी-शर्टही चालतात. कापण्याआधी दोन-तीनदा गरम पाण्यातून काढ. सुती कापड आटतं, आणि कोऱ्या कापडात नैसर्गिक तेलाचा अंश असतो, तो गेल्याशिवाय पाणी नीट शोषलं जात नाही. मायक्रोफायबर भराभर शोषतं, पण ते अंगाला लावू नकोस, त्वचा कोरडी पाडतं. अंगालगत फ्लीस, म्हणजे मऊ कृत्रिम कापड, ठेव. मी थर एकत्र शिवून टाकले होते, ते वाळता वाळेनात. आता खिसा ठेवतो, थर काढून वेगळे वाळवता येतात.

इलॅस्टिकला घाई करू नकोस. ते मांडीच्या वळणापेक्षा आखूड कापायचं, एक टोक पक्कं करायचं आणि हातानं सारखं ताणत झिगझॅग टीप घालायची. सोडलं की चुण्या आपोआप पडतात. लंगोट घातल्यावर मांडीपाशी तुझं बोट सहज सरकलं पाहिजे. काढल्यावर पुसट वण दिसला तर काळजी नको, थोड्या वेळात जातो. खोल लाल रेघ राहिली तर मात्र उसव आणि सैल कर. प्रत्येक बाळाची मांडी वेगळी, म्हणून तर दोनच शिव म्हणतोय.

सुरुवातीला दिवसाला 10-12 लागतात. एक दिवसाआड धुणार असाल तर 24 तरी हाताशी हवेत. धुताना सॉफ्टनर वापरू नका, धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि पाणी नीट शोषलं जात नाही. बाळाला लावलेल्या पेट्रोलियम जेलीचंही तसंच. डाग उन्हात फिके होतात.

माझ्या लेकीला बसलेला नमुना कागदावर उतरवून सोबत पाठवतोय. मांडीच्या वळणापाशी दोन रेघा दिसतील. बाहेरची कापायची, आतली शिवायची. पहिला तयार झाला की लगेच कळव, मी वाट बघतोय.

तुझाच
मित्र