शिफ्ट-क्लिकचं कोडं सोडवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर नुसतं ‘थँक यू’ म्हणून मोकळा झालो, ते मनाला लागून राहिलं. म्हणून हे चारचौघांत.

सोसायटीच्या टाकीचा पंप मी कॉम्प्युटरवर नोड (एकेक छोटं काम करणारे चौकोन) वायरींनी जोडून चालवायला घेतला होता. हिशेब शाळेतला: हवी ती पातळी वजा आत्ताची पातळी, उत्तर शून्याच्या वर असेल तर पंप सुरू. 80 वजा 30, म्हणजे 50. वायरींचा गुंता नको म्हणून आकडा पूर्णांकात आणणारे दोन नोड आणि वजाबाकीचा एक, असे तीन कोलॅप्स करून, म्हणजे एकात गुंडाळून, एक केला. संध्याकाळभर झकास चाललं. रात्री लाइट जाऊन आली, मशीन पुन्हा सुरू झालं, आणि पहाटे वॉचमनकाका दारात: “साहेब, जिन्यावरून पाणी वाहतंय.” भरलेल्या टाकीत पंप सुरू!

ज्याला दाखवलं तो म्हणे, वायर उलटी जोडली असशील. एक तुम्हीच तसं म्हणाला नाहीत. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं उदाहरण दिलंत: एच दाबला की नोड नुसता मिटतो, कंट्रोल-जी केलं की ग्रुप बनतो आणि आत-बाहेरच्या वायरी नव्याने लागतात, घोळ असला तर या दुसऱ्या कामात. माझा अख्खा फ्लो, म्हणजे नोडांची सगळी जोडणी, बाजूला सारून पाच नोडांची फाइल केलीत. तुमच्याकडे ती नीट चालली, माझ्याकडे 50 चे उणे 50. इथे कुणीही फोन ठेवला असता. तुम्ही विचारलंत, “नोड सिलेक्ट कसे करतोस?”

तुम्ही माऊसने चौकट ओढायचात, मी शिफ्ट धरून एकेक टिचकायचो, तेही खालून वर. एडिटर (नोड जोडायचा प्रोग्राम) पोर्टना, म्हणजे वायर लागते त्या जागांना, नंबर द्यायचा सिलेक्ट केलेल्या क्रमाने, आणि फाइल पुन्हा उघडली की वरून खाली. वायरीला फक्त नंबर माहीत. झाली अदलाबदल!

आता प्रत्येक पोर्टला स्वतःचा आयडी आहे. दुरुस्ती तुमची, रात्री साडेबारापर्यंत जागलात तुम्ही, आणि ‘बग शोधला’ म्हणून नाव मात्र माझं टाकलंत. ते तेवढं बदला. मी फक्त जिना पुसला.