जोडदात उपटण्याची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेतल्या दंततपासणीत किडलेल्या दातांची नोंद होते, जोडदाताकडे, म्हणजे एकमेकांना जुळून एकच रुंद दात झालेल्या दातांकडे, मात्र कुणाचे लक्ष जात नाही. माझ्या बारा वर्षांच्या मुलीचा वरचा समोरचा दात जवळपास दुप्पट रुंद होता आणि मधोमध थेट हिरडीपर्यंत उभी खाच. त्या खाचेत ब्रश पोहोचत नाही, त्यामुळे कीड लागलीच. एका दवाखान्यात सांगितले, ‘काढून टाकू, खोटा बसवू.’ वाढत्या वयात जबड्याच्या हाडात रोवायचा कृत्रिम दात (इम्प्लांट) बसवत नाहीत, म्हणजे पोरीने ऐन शाळेच्या वर्षांत काढता-घालता दात वापरायचा!

शासकीय दंत महाविद्यालयात डॉक्टरांनी आधी सगळे दात मोजले. शेजारचे दोन दात जुळून आले असतील तर ओळीत एक कमी भरतो. हिचे पूर्ण भरले. पुढे त्रिमितीय स्कॅनमध्ये स्पष्ट झाले, की एक जादा दात मूळ दाताला चिकटला होता आणि दोघांच्या नसा वरच्या भागात एकमेकींत मिसळल्या होत्या. नुसता कापला असता तर नस उघडी पडली असती. म्हणून आधी रूट कॅनल, मग हिरडी उचलून जादा भाग मुळासकट काढला, राहिलेल्या दाताला कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणीने) आकार दिला आणि शेवटी फट मिटवायला तारा. रूट कॅनलवाले, हिरडीवाले आणि तारांचे डॉक्टर एकच स्कॅन समोर ठेवून बोलले, म्हणून मुलीचा स्वतःचा दात वाचला. खासगीत हेच तीन ठिकाणी, तीन वेगळ्या सल्ल्यांनी झाले असते.

प्रत्येक जोडदात कापावा लागतो असेही नाही. पुष्कळदा खाच बुजवून लक्ष ठेवले तरी भागते. दुधाचे दात जोडलेले असले, तर मात्र एक्स-रे काढलाच पाहिजे, कारण खाली कायमचा दात नसण्याची शक्यता असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके शाळांत येतात, मुलांचे दातही पाहतात. त्यांनी दात मोजावेत, जोडदात दिसला तर कार्डावर लिहावे आणि मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाची चिठ्ठी पालकांच्या हाती द्यावी. आरोग्य विभागाने तशा सूचना पथकांना याच शैक्षणिक वर्षात द्याव्यात, ही विनंती.

– एक पालक