पडके गोटे आणि गाळातली कपाशी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सारखी रेंज जात होती, पण आईचं एवढं नीट ऐकू आलं : “पडके गोटे पाहाले एवढे पैसे कायले देल्ले वं?” तर आधी तो हिशोब.

जहाज सकाळी तुर्कस्तानात कुशादासी बंदराला लागलं आणि संध्याकाळी सुटणार होतं. एफेसस हे जुनं, आता पडकं झालेलं शहर तिथून वीसेक किलोमीटर. जहाजवाल्यांची बस होती, पण त्यात छातीवर नंबर चिकटवलेली चाळीस माणसं, आणि पुढं पाटी धरून पळणारा गाइड. सासूबाईंचे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. म्हणून जहाजावर ओळख झालेलं नागपूरचं एक कुटुंब आणि आम्ही मिळून वेगळी गाडी आणि गाइडबाई ठरवली. वाटून खर्च बसच्या जवळपासच आला. धाकधूक एकच : जहाजाच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपल्यासाठी थांबत नाही. ह्यांचं निम्मं लक्ष घड्याळात होतं.

गाडीनं वरच्या दरवाजाशी सोडलं आणि खालच्या दरवाजाशी घ्यायला आली, म्हणजे सगळा उतारच. तरी रस्त्याचा संगमरवर इतका गुळगुळीत झालाय की सासूबाई शेवाळल्या घाटावरून उतरावं तशा उतरल्या. आई, एका ठिकाणी सार्वजनिक संडास आहे : दगडी बैठकीला ओळीनं भोकं, मधे आडोसा नाही, खालून वाहतं पाणी. रोमन माणसं शेजारी शेजारी बसून गप्पा मारत. गोदरीच म्हण, पण संगमरवरी!

सेल्ससचं ग्रंथालय फोटोत पाहिलंत तेच. मुलानं वडिलांसाठी, म्हणजे या सेल्सससाठी, बांधलं, दुसऱ्या शतकात, आणि वडिलांना त्याच्याच खाली पुरलं. समोरची भिंत पडली होती, ती 1970 च्या दशकात ऑस्ट्रियाच्या लोकांनी तुकडे जुळवून उभी केली. मला जास्त आवडली ती आतली युक्ती. भिंती दुहेरी आहेत, मधे माणूस जाईल एवढी पोकळी, ग्रंथांच्या गुंडाळ्यांना ओल लागू नये म्हणून. तुरीच्या कोठीला ओल धरली तेव्हा बाबांनी केलेली चिडचिड आठवली.

आता बाबांचा प्रश्न : “काय पेरतात वं तिकडं?” कपाशी! खरंच. बोंडं धरलेली होती, आणि बाजूला पीचच्या बागा. ते मोठं नाट्यगृह आहे ना, पंचवीसेक हजार माणसं बसतील असं, त्याच्या पायऱ्यांवर बसलं की सरळ बंदराचा रस्ता दिसतो. रस्त्याच्या टोकाला समुद्रच नाही, बोरू माजलेत. समुद्र पाच-सहा किलोमीटर मागं गेलाय. नदीनं गाळ आणून आणून बंदर बुजवलं. जुना किस्सा असा की, अटालस नावाच्या राजानं पाणी खोल राहावं म्हणून बंदराच्या तोंडाशी बांध घातला, तर गाळ उलट आतच अडकला. तुम्ही असता तर तिथंच म्हणाला असता, उताराचं पाणी अडवायच्या आधी माती कुठं जाणार ते पाहावं लागते. पुढं रोमन लोक उपसत राहिले, पण गाळ जिंकला. व्यापार गेला आणि हळूहळू गावही. गाइडबाईंना मी वर्धा नदीच्या पुराचं सांगितलं, तेव्हा बस असती तर निघून गेली असती एवढा वेळ आम्ही दोघी तिथं बोलत बसलो. पैसे वसूल झाले ते इथं.

निघताना पायाशी एक खापर दिसलं, लाल, कड वळलेली. हात गेलाच माझा. बाई एकदम म्हणाल्या, “ठेवा ते, इथला कायदा फार कडक आहे.” लाजले. मला लगेच आपलं कौंडण्यपूर आठवलं. कार्तिकात यात्रेला नेलं होतंत तेव्हा नदीकाठच्या टेकाडावरून मी फ्रॉकच्या ओच्यात खापरं भरून आणली होती, आणि आईनं “हा कचरा कायले?” म्हणून सगळी फेकली, एक सोडून. त्या टेकाडावर उत्खनन झालंय, तीही एवढीच जुनी वस्ती, हे मला फार उशिरा कळलं.

ते एक खापर तुळशीच्या ओट्यावर, चिमण्यांच्या पाण्याखाली होतं. आहे का अजून, पाहून ठेवा. दिवाळीला आले की बाबा आणि मी ते घेऊन टेकाडावर जाऊ. आईला मात्र यात्रेला चाललो असंच सांगायचं. (आई, हे तू वाचलंस तर वाचलंस.)

फवारणीला तोंडाला फडकं बांधूनच जा.

तुमची
धाकटी