दादा, हॅमिल्टन जिंकला रे!

नॉर्दम्प्टन, ८ जुलै २०२४

प्रिय दादा,

आई-आप्पांना नमस्कार सांग. हे पत्र आप्पांना वाचून दाखव, कारण फोनवर रेसचं काही सांगायला गेलं की ते लगेच जेवलीस का, थंडी आहे का यावर येतात आणि सगळं राहूनच जातं.

तू काल फॉर्म्युला वनची सिल्व्हरस्टोनची रेस फॅनकोड अ‍ॅपवर बघितलीसच, पण मी तिथे होते दादा, कॉप्स कॉर्नरच्या बांधावर, आणि अजून घसा बसलेला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जेद्दाहला जिंकला होता तो, त्यानंतर आत्ता, ९४५ दिवसांनी. तेही सिल्व्हरस्टोनला, घरच्या लोकांसमोर, मर्सिडीजमधून इथली शेवटची रेस, कारण पुढच्या वर्षी तो फेरारीत चाललाय. करिअरमधला १०४ वा विजय आणि याच ट्रॅकवरचा नववा, एकाच ट्रॅकवर नऊ वेळा आजपर्यंत कोणीच जिंकलेलं नाही. वय ३९. गेली दोन वर्षं तुझ्या गॅरेजमध्ये जो येईल तो म्हणायचा ना की हॅमिल्टन संपला, त्या प्रत्येकाला बोलवून रेस परत दाखव.

शनिवारपासूनच वातावरण तापलेलं. गुरुवारी इथे निवडणूक झाली, सरकार बदललं, आणि त्याच दिवशी तुम्ही तिकडे मरीन ड्राइव्हवर वर्ल्ड कप जिंकून आलेल्या रोहितची मिरवणूक टीव्हीवर बघत होता. मी ऑफिसात बसून मोबाईलवर ती गर्दी बघत होते आणि खरं सांगते, त्या क्षणी तिकडे असायला पाहिजे होतं असं फार वाटलं. पण शनिवारी ट्रॅकवर पोचले आणि सगळं विसरले. सकाळी पाऊस, मग ऊन, मग परत ढग. क्वालिफाइंगच्या, म्हणजे रेसमध्ये कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणाऱ्या फेरीच्या, पहिल्या भागात ट्रॅक अजून ओला आणि रेड बुलचा पेरेझ आमच्या समोरच, अगदी समोरच, कॉप्सला घसरला. मागची चाकं खडीत नुसती गरागरा फिरत होती, खडी उडत होती आणि गाडी जागची हलत नव्हती. फक्त आवाज वाढत होता, मग तोही बंद झाला. त्यांचाच व्हेरस्टॅपेनसुद्धा तिथेच बाहेर गेला होता, तो कसाबसा परत आला पण गाडीच्या फ्लोअरला, म्हणजे तळाला, मार बसला, म्हणून चौथा. पहिले तिघे मात्र ब्रिटिश, रसेल, हॅमिल्टन, नॉरिस, आणि रसेल-हॅमिल्टनमध्ये फरक किती तर ०.१७१ सेकंद! संध्याकाळी परत फुटबॉल, इंग्लंड पेनल्टीवर स्वित्झर्लंडला हरवून सेमीफायनलला गेलं, त्यामुळे रविवारी लोक आले तेच मुळात आनंदात.

आता रेस. आप्पांसाठी एवढं सांग की कोरड्या रस्त्याला गुळगुळीत टायर लागतो, ओल्याला खाच्यांचा, आणि रस्ता अर्धा कोरडा अर्धा ओला असला की कुठला टायर कधी बदलायचा यावरच सगळी रेस. कालची रेस तशीच होती. सुरुवातीला रसेल पुढे, मागे हॅमिल्टन, दोघेही मर्सिडीजचे. मग साधारण अठराव्या लॅपला, म्हणजे फेरीला, थेंब पडायला लागले. ट्रॅक जवळजवळ सहा किलोमीटरचा आहे, म्हणजे एका टोकाला छत्री उघडावी लागते आणि दुसऱ्या टोकाला डांबर कोरडं, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मर्सिडीजवाले गुळगुळीत टायरवर चाचपडत होते तेव्हा मॅक्लारेन नुसती उडत होती, त्यांच्या नॉरिसने दोघांनाही टाकलं. फेरारीच्या लक्लेर्कने घाई करून पावसाचे टायर लवकर घातले आणि त्याची रेस तिथेच संपली, शेवटी चौदावा आला. खरा पाऊस सव्वीस-सत्ताविसाव्या लॅपला आला.

इथे मॅक्लारेनने एक गोष्ट केली ती मला अजून पटलेली नाही. नॉरिसला टायर बदलायला आत पिटमध्ये घेतलं आणि आपल्याच दुसऱ्या ड्रायव्हरला, पियास्त्रीला, एक लॅप जास्त बाहेर ठेवलं, का तर पिटमध्ये नॉरिसच्या मागे थांबावं लागू नये म्हणून. त्या एका लॅपमध्ये बिचारा पार मागे पडला. तू टायरचं काम करतोस, तुला सांगायला नको, पाण्यात गुळगुळीत टायर म्हणजे काय ते. त्याच्याकडे काल जिंकायचा वेग होता असं मला मनापासून वाटतं.

रसेलचं तर फार वाईट वाटलं. पोल, म्हणजे सुटायची पहिली जागा, घेतलेला पोरगा, गाडीच्या पाण्याच्या सिस्टीममध्ये बिघाड झाला आणि टीमने आत बोलावून घेतलं. त्याची टोपी घातलेली दोन लहान मुलं माझ्या पुढेच बसली होती, ती बराच वेळ काही बोललीच नाहीत.

आणि मग अडतिसावा लॅप. ट्रॅकवर एक फिकट कोरडी पट्टी दिसायला लागली होती, आजूबाजूला काळं ओलं. हॅमिल्टन आत आला आणि सॉफ्ट, म्हणजे मऊ, पकड चांगली पण लवकर झिजणारा टायर घेऊन गेला. व्हेरस्टॅपेनही त्याच लॅपला आला, त्याने हार्ड, जास्त टिकणारा, घेतला. नॉरिस एक लॅप उशिरा आला, त्यातून पिटमध्ये आपल्या जागेच्या थोडा पुढे जाऊन थांबला, आणि घातला सॉफ्टच, खरं तर त्यांच्याकडे नवीन मीडियम, म्हणजे दोन्हींच्या मधला, शिल्लक होता! बाहेर आला तर हॅमिल्टन पुढे. रेस तिथेच फिरली. नॉरिसचा सॉफ्ट लवकर गेला, हॅमिल्टनने तोच सॉफ्ट चौदा लॅप जपून चालवला. तोच टायर, तोच ट्रॅक, फरक फक्त स्टिअरिंगवरच्या हातांचा. याला म्हणतात अनुभव. दादा, नवीन गाडी कोणीही पळवतो, टायर राखून पळवणारा वेगळाच, हे तूच मला शिकवलंस.

शेवटचे लॅप मी बसून बघूच शकले नाही. हार्ड टायर तापल्यावर व्हेरस्टॅपेन असा काही आला की नॉरिसला उचलून मागे टाकला आणि दर लॅपला हॅमिल्टनच्या जवळ. मी स्क्रीनवरचे आकडे बघायचे आणि मग डोळे मिटायचे. शेवटी १.४६५ सेकंदांनी वाचला. आणि त्यानंतर जो आवाज उठला, तुला आपल्या कोल्हापूरच्या खासबागेतली निकाली कुस्ती आठवते ना, चितपट झाल्यावर अख्खं मैदान एकदम उठतं, तसा. अनोळखी म्हातारे एकमेकांना मिठ्या मारत होते. तो रेडिओवर रडत होता, मग मार्शलकडून झेंडा घेतला, आणि गाडीतून उतरल्यावर वडिलांच्या गळ्यात पडला तो सुटेचना. ज्या बापाने नोकऱ्या करून पोराचं कार्टिंग चालवलं त्याच्या गळ्यात. मला आप्पांची आठवण आली, मोहितेंच्या ट्रॅकवर आपल्याला घेऊन यायचे आणि स्वतः कुंपणाबाहेर उभे राहायचे.

बाकी निकाल असा की व्हेरस्टॅपेन दुसरा, नॉरिस तिसरा, पियास्त्री चौथा, साइन्झ पाचवा, हुल्केनबर्ग सहावा, म्हणजे हासमधून, हेही लई भारी. सातवा स्ट्रोल, आठवा अलोन्सो, दोन्ही अ‍ॅस्टन मार्टिन. त्यांची फॅक्टरी ट्रॅकच्या गेटसमोरच आहे, आणि हीच ती आपली जुनी फोर्स इंडियाची टीम! येताना त्या रस्त्यावर मी मुद्दाम थोडं थांबले. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटची रेस टीव्हीवर बघताना आपण त्या भगव्या-हिरव्या गाडीसाठी किती ओरडायचो. आपल्याकडे परत रेस कधी येणार कुणास ठाऊक, यायला पाहिजे मात्र, आपला कृष्णराज महाडिक इथे येऊन एफ-थ्री, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या दर्जाची गाडी, चालवून गेला, अशी पोरं अजून निघतील की.

चॅम्पियनशिपमध्ये व्हेरस्टॅपेनचे २५५ गुण आणि नॉरिसचे १७१, म्हणजे ८४ चा फरक आहे, पण मॅक्लारेनची गाडी आता सगळ्यात वेगवान आहे असं माझं मत. त्यांना फक्त असे निर्णय चुकवून चालणार नाही. तुला काय वाटतं ते लिही. हंगेरीची रेस २१ तारखेला आहे, त्या दिवशी गुरुपौर्णिमा, तेव्हा देवळातून साडेसहाच्या आत घरी या सगळे, मी व्हिडिओ कॉल लावते, आप्पांना पण बसव समोर. पंचगंगेचं पाणी कितपत आलंय ते कळव, आणि आईला सांग कांदा-लसूण मसाला संपत आलाय, कोणी येणार असेल तर पाठव.

तुझी,
छोटी