बेटावरचा वायरमन बेटावरच राहतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला स्कॉटलंडच्या बेटांवरचा लेख वाचला. कडे, समुद्रपक्षी, मेंढ्या सारे छान उतरले आहे. पण इतक्या आडजागी माणसे टिकतात कशी, हे लेखात कुठेच नाही. मी निवृत्त वीज अभियंता. मुलगा ग्लासगोला असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा मॅलेग बंदरातून बोटीने एग बेटावर जाऊन राहिलो होतो, म्हणून लिहितो.

एगला मुख्य भूमीवरून वीज येत नाही. समुद्राखालून केबल टाकणे परवडणारे नव्हते, त्यामुळे घरोघरी डिझेल जनरेटर चालत. 2008 मध्ये बेटकऱ्यांनी स्वतःची वीज व्यवस्था उभी केली. ओढ्यांवर जलविद्युत, चार लहान पवनचक्क्या, सौर पॅनेल, बॅटऱ्या आणि अडीनडीला जनरेटर. घराला एका वेळी 5 किलोवॅट, व्यवसायाला 10. त्यापुढे गेलात की तुमचा पुरवठा बंद. आम्ही उतरलो त्या घरच्या बाई ओव्हन चालू असताना किटली आणि वॉशिंग मशीन लावत नसत. पाऊस-वारा भरपूर असला की उरलेल्या विजेवर गावचे सभागृह गरम ठेवतात. आणि देखभाल करतात ती बेटावरचीच, शिकवून तयार केलेली माणसे. वादळानंतर तालुक्याहून वायरमन येईपर्यंत अंधारात बसलेल्या कोकणातल्या वाड्या मी नोकरीत पाहिल्या आहेत. त्यामुळे तिथे मला सर्वांत जास्त कौतुक वाटले ते याचेच.

हे जमले कारण जमीन त्यांची झाली होती. त्याआधी बेट एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकले जाई. भाडेपट्ट्याची खात्री नाही, मग घर कोण दुरुस्त करणार? जून 1997 मध्ये हजारो लोकांच्या लहान देणग्या आणि एका अनामिक बाईंची मोठी रक्कम यांतून रहिवाशांच्या न्यासाने 15 लाख पौंडांना बेट विकत घेतले. तेव्हा वस्ती 65च्या आसपास होती, आज शंभरावर आहे. बाहेर शिकायला गेलेली काही मुले परतली, त्यांनी घरे बांधली.

याच्या उलट स्कॉटलंडचेच सेंट किल्डा बेट. तिथे शतकानुशतके लोक राहिले, थंडीवाऱ्याला पुरून उरले. पण तरुण निघून गेले, होडी वल्हवायला आणि मेंढ्या राखायला पुरेसे हात उरले नाहीत. शेवटी उरलेल्या 36 जणांनी स्वतःच सरकारकडे अर्ज केला आणि 29 ऑगस्ट 1930 रोजी बेट सोडले.

माणसे टिकायला बोटही लागते. शंभर माणसांसाठी बोट चालवून नफा कधीच होणार नाही, म्हणून तोटा सरकार सोसते. 2008 पासून टप्प्याटप्प्याने तिकडच्या बोटींचे भाडे, तेवढेच अंतर रस्त्याने कापायला जो खर्च येईल त्याच्या हिशेबाने ठरवले जाऊ लागले. बोट म्हणजे बेटकऱ्यांचा रस्ता, हे सरकारने मान्य केले. हे धोरण मला अतिशय न्याय्य वाटते. ‘इतक्या थोड्या लोकांसाठी एवढा खर्च कशाला’ हे वाक्य मी कार्यालयात फार ऐकले आहे आणि दरवेळी त्याचा राग आला आहे.

आपल्याकडे मुंबईजवळच्या घारापुरी (एलिफंटा) बेटावर फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली, तोवर रोज काही तास जनरेटरवर भागत असे. शेटबंदर, राजबंदर, मोराबंदर या तिन्ही गावांत त्यानंतर काय बदलले? तरुण राहिले का, दुरुस्तीला माणूस कुठून येतो, शेवटच्या बोटीनंतर कोणी आजारी पडले तर काय करतात? आपल्या वार्ताहराने तिथे चार दिवस मुक्काम करून हे लिहावे, अशी विनंती आहे. लेण्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे.

आपला,
एक निवृत्त वीज अभियंता, रत्नागिरी