दिवा लावून घर झाडणारी बाई

प्रिय करुणा,
अनेक आशीर्वाद.

तुझा रविवारचा मेसेज वाचला. पिता, पुत्र, प्रेषित, पाळक, बिशप, जिकडे बघावं तिकडे पुरुषच, मग या घरात माझं काय आहे, असं विचारून तू उपासनेला जाणं थांबवल्याचं कळवलंस. बाबा म्हणाले, फोन कर. पण फोनवर मला धड बोलता येणार नाही आणि तू नाइट ड्यूटी करून दमलेली असशील, म्हणून पत्र लिहिते आहे. सवडीने वाच.

चर्चला जायचं की नाही ते तू ठरव. मी त्याबद्दल आग्रह धरणार नाही. तुझ्या प्रश्नाला मात्र उत्तर आहे, आणि ते तुला तुझ्याच धर्मात मिळावं असं मला मनापासून वाटतं. लहानपणी संडे स्कूलमध्ये ते तुला कुणी दिलं नाही, हेही खरं.

लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय घे. शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ ते शोधायला निघतो. ही गोष्ट तुला पाठ आहे. खांद्यावर कोकरू घेतलेल्या येशूचं चित्र आपल्याकडे घराघरात असतं, आपल्या दिवाणखान्यातही आहे. आता त्याच गोष्टीच्या पुढच्या ओळी वाच. एका बाईकडे दहा नाणी असतात, त्यातलं एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडून काढते, सापडेपर्यंत शोधत राहते. सापडल्यावर मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावून म्हणते, माझ्याबरोबर आनंद करा. दोन्ही गोष्टी येशूनेच सांगितल्या, एकापाठोपाठ, एकाच अर्थाने. मेंढपाळ जर देव असेल तर ही बाईही देवच आहे. मग हातात केरसुणी घेतलेल्या देवाचं चित्र कुणी भिंतीवर का लावलं नाही? इतकी वर्षं मी चर्चला जाते, मेंढपाळावर कितीतरी उपदेश ऐकले, या बाईवर स्वतंत्र उपदेश एकही ऐकला नाही. सांगणाऱ्याने काही कमी सांगितलं नव्हतं. ऐकणाऱ्यांनी अर्धंच उचललं.

बायबलात असं आणखीही आहे. यशयाच्या शेवटच्या अध्यायात देव म्हणतो की आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. यरुशलेमकडे बघून येशू कळवळतो तेव्हा पिलांना पंखांखाली घेऊ बघणाऱ्या कोंबडीचं रूप स्वतःला देतो. आणि मरीयेचं गीत तर तू लहानपणी नाताळात म्हटलं आहेस. अधिपतींना गादीवरून ओढून खाली काढणारा, भुकेल्यांना पोटभर देऊन धनवानांना रिकाम्या हाताने पाठवणारा देव तिने गायला. एका खेड्यातली, लग्न न झालेली, पोटुशी मुलगी हे बोलते आहे. आपण प्रॉटेस्टंट लोकांनी मरीयेला नाताळच्या देखाव्यापुरती ठेवली, हे मला आता फार खटकतं. वांद्र्याच्या मोत माउलीला सप्टेंबरात सगळ्या धर्मांच्या बाया मेणबत्त्या घेऊन जातात. त्यांना जे कळलं त्यातलं थोडं आपल्यालाही कळायला हवं होतं. तुझ्या इंग्लंडमधल्या नॉरिचच्या कॅथेड्रलमध्ये संध्याकाळच्या उपासनेत तेच गीत गातात. एकदा मागच्या बाकावर बसून ऐक.

आता मग्दालीया मरीया. आपल्याला तिची ओळख काय करून दिली? सुधारलेली पापी बाई. शुभवर्तमानात हे कुठेही लिहिलेलं नाही. तिच्यातून सात भुतं निघाली एवढं लिहिलं आहे, आणि आजारपण म्हणजे पाप नव्हे, हे तुला नर्सला मी काय सांगू. 591 मध्ये पोप ग्रेगरी पहिला याने एका प्रवचनात तिला, बेथानीच्या मरीयेला आणि लूकच्या सातव्या अध्यायातल्या निनावी पापी स्त्रीला एकच ठरवलं. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी ही सरमिसळ केली नाही, पश्चिमेत मात्र ती जवळजवळ चौदाशे वर्षं चालली. रोमन कॅथलिक चर्चने 1969 मध्ये आपलं कॅलेंडर सुधारताना ती सोडवली आणि 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 22 जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. योहानाच्या विसाव्या अध्यायात ती कबरेजवळ रडत उभी आहे. पेत्र आणि दुसरा शिष्य येऊन बघून घरी परत गेले आहेत. ती थांबली. उठलेला प्रभू आधी तिला भेटला आणि म्हणाला, माझ्या भावांकडे जाऊन सांग. पुनरुत्थानाचा पहिला निरोप एका बाईने पोचवला. त्या सकाळी ती गप्प राहिली असती तर पुढच्या साऱ्या व्यासपीठांवर बोलायला काही उरलं नसतं.

पौलाचं वाक्य तू माझ्या तोंडावर टाकशील, स्त्रियांनी मंडळीत उगे राहावे, हे. त्याच पत्रात तीन अध्याय आधी तो स्त्रिया प्रार्थना आणि संदेश देतात हे गृहीत धरूनच लिहितो. आणि रोमकरांस पत्राच्या शेवटी किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो, प्रिस्का आणि युनिया यांना सलाम पाठवतो. मी एवढ्यावर पौलाला सोडते. मला त्याच्याशी भांडण्यापेक्षा तुझ्या शेजारणीबद्दल लिहायचं आहे.

तू राहतेस त्या गावात किंग स्ट्रीटपासून जवळच सेंट ज्युलियनचं छोटं चर्च आहे. चौदाव्या शतकात त्याला लागून एक खोली होती. तिच्यात एक बाई राहायची. तिचं खरं नाव कोणाला ठाऊक नाही, चर्चच्या नावावरून तिला ज्युलियन म्हणतात. अशा एकांतवासिनी आत गेल्या की मरेपर्यंत बाहेर येत नसत. आत जाताना त्यांच्यासाठी मृतांची प्रार्थना म्हणायची रीत होती. खिडकीशी लोक सल्ला विचारायला येत. हिच्या लहानपणीच नॉरिचमध्ये काळ्या महामारीने घरंच्या घरं रिकामी केली होती. मे 1373 मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, ती इतकी आजारी पडली की पाळकाने येऊन डोळ्यांपुढे क्रूस धरला. त्या अवस्थेत तिला सोळा दर्शनं झाली. तिची आई उशाशी उभी होती. मुलगी गेली असं वाटून त्या आईने तिचे डोळे मिटायला हात पुढे केला, असं तिनेच लिहून ठेवलं आहे. हे वाचल्यावर मला पुस्तक खाली ठेवावं लागलं.

ती मेली नाही. तिने जे पाहिलं ते लिहिलं, आणि मग सुमारे वीस वर्षं त्यावर विचार करून पुन्हा, सविस्तर लिहिलं. इंग्रजीत बाईने लिहिलेलं, आज हाती असलेलं सगळ्यात जुनं पुस्तक तेच. त्यात तिने येशूला आई म्हटलं. एखाद्या उपमेपुरतं नाही, अध्यायामागून अध्याय. आई अंगावरचं दूध पाजते, येशू प्रभुभोजनात स्वतःलाच भरवतो. शिकावं म्हणून आई लेकराला कधी पडू देईल, पण त्याचा नाश होऊ देणार नाही. आजूबाजूला मढी उचलली जात असलेल्या काळात ही बाई म्हणते की देवात राग नाही. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून आळवलं तेव्हा त्यांच्यामागे ज्ञानोबा-तुकोबांची सगळी परंपरा उभी होती. ज्युलियनच्या पाठीशी काही जुन्या मठवासी लेखकांचे असे विचार होते खरे, पण ती ते लॅटिनमध्ये न लिहिता बाजारात बोलल्या जाणाऱ्या भाषेत लिहीत होती.

तिच्या पहिल्या, छोट्या लेखनात एक जागा आहे. मी बाई आहे म्हणून देवाचा चांगुलपणा तुम्हाला सांगू नये की काय, असं ती विचारते. दुसऱ्या, मोठ्या लेखनात तो प्रश्न नाही, आईचा हातही नाही. तिने ते का काढलं असेल याचा मी खूप विचार करते. मला वाटतं, वीस वर्षांनी तिला परवानगी मागायची गरज उरली नव्हती.

ते छोटं लेखन एकाच जुन्या हस्तलिखितात टिकलं आणि ते 1909 मध्ये एका लिलावात पुन्हा उजेडात आलं. मोठं पुस्तक कसं टिकलं तेही ऐक. आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले मठ बंद केले. पुढे सतराव्या शतकात आजच्या फ्रान्समध्ये, कांब्रे आणि पॅरिसला राहणाऱ्या इंग्लिश बेनेडिक्टाइन नन्सनी ते जपलं, हाताने उतरवून काढलं. 1901 मध्ये ग्रेस वॉरॅक नावाच्या स्कॉटिश बाईने ब्रिटिश म्युझियममधल्या प्रतीवरून नवी आवृत्ती काढली, तेव्हा ते सामान्य वाचकांपर्यंत पोचलं. करुणा, या घरात बायकांचे आवाज नव्हते असं म्हणू नकोस. बहुतेक वेळा दुसऱ्या बायकांनीच ते सांभाळले, आणि ज्या पिढीने सांभाळले नाहीत त्या पिढीत ते हरवले.

केडगावची गोष्ट तर आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरची. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार असं निघालं तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना नवल वाटलं. माझ्या आईने आणि मी तरुणांना शिकवलेलं माझ्या वडिलांना किंवा नवऱ्याला कधी खटकलं नाही आणि इंग्रज लोकांना खटकतं, असं त्यांनी लिहिलं. वाँटेजच्या आपल्या मार्गदर्शक नन सिस्टर जेराल्डीन यांना 1885 मध्ये त्यांनी स्पष्ट कळवलं की मोठ्या कष्टाने मी एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले आहे, आता दुसरं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही. हे लिहिणाऱ्या रमाबाईंनी ख्रिस्ताला सोडलं नाही. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमधल्या बायकांना वाचता यावं म्हणून. खिळे जुळवायला आणि छापायला त्याच बायका होत्या. दुष्काळातून आलेल्या, टाकून दिलेल्या, बालविधवा. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या आणि 1924 मध्ये ते बायबल बाहेर पडलं. आणि आपल्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळक? 1919 मध्ये टिळक गेले, तेव्हा अर्धवट राहिलेलं त्यांचं ख्रिस्तायन हे काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिलं. कुठल्या शाळेत शिकल्या होत्या त्या?

तुझी पणजी, माझी आजी, बायबलबाई होती हे तुला माहीत आहे. नेवासे-शेवगावकडच्या वाड्या-वस्त्यांवर पायी जायची, ओट्यावर बसून वाचून दाखवायची, बाळंतिणीच्या उशाशी प्रार्थना करायची. चर्चच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवर पाळकांची नावं आहेत, तिचं नाही. मी यंदा मंडळीच्या कमिटीत हा विषय लेखी मांडला आहे. तुझ्या मेसेजनंतरच मांडला.

तू ज्या देशात आहेस तिथल्या चर्च ऑफ इंग्लंडमध्ये 1994 पासून स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये त्या चर्चच्या सर्वोच्च, म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. त्या पदावरच्या पहिल्या स्त्री, आणि आधीच्या आयुष्यात नर्स. रोमन कॅथलिक चर्चमध्ये बायकांना अजून दीक्षा नाही. आपल्याकडे दक्षिण भारताच्या मंडळीत 2013 मध्ये पुष्पललिता बिशप झाल्या. तुझा राग बरोबर आहे, कारण हे सगळं फार उशिरा आलं आणि पुष्कळ ठिकाणी आलेलंच नाही. त्या रागाला माझी ना नाही.

एक काम कर. सुट्टीच्या दिवशी त्या छोट्या चर्चमध्ये जा. 1942 च्या बॉम्बहल्ल्यात ते पडलं होतं, 1953 मध्ये पुन्हा उभं केलं, खोलीही बांधली आहे. उपासनेसाठी जाऊ नकोस, हवं तर नुसती बसून ये. आणि तिच्या पुस्तकाची सोप्या इंग्रजीतली, मोठ्या टायपाची प्रत मिळाली तर मला पाठव. छोटं लेखन आणि मोठं लेखन दोन्ही असलेली आवृत्ती बघ. महिला मंडळात दर गुरुवारी मी त्यातलं थोडं थोडं मराठीत सांगायचं ठरवलं आहे. माझ्याकडे आहेत ते नुसते उतारे, त्यावर फार दिवस भागणार नाही. काही शब्द अडतील तेव्हा तुला विचारीन, तेवढं सांग.

बाबांची शुगर आता ताब्यात आहे. थंडीत कान बांधून बाहेर पड.

तुझी
आई